गांधीलमाश्यांचं पोळं घराला लागलंय: काढायचं का, काढायचं तर कसं, आणि डसल्यावर काय

प्रश्न थोडक्यात असा आहे: बाल्कनीच्या छताच्या कोपऱ्यात मुठीएवढं पोळं लागलंय, त्यावर पंधरा-वीस गांधीलमाश्या दिसतात. घरात चार वर्षांची मुलगी आहे. वडिलांना काही वर्षांपूर्वी गांधीलमाशी डसली तेव्हा अंगभर गांधी उठून भोवळ आली होती. रात्री पलित्याने जाळून टाकावं, की झुरळांचा स्प्रे मारून मोकळं व्हावं?

दोन्ही नको. वडिलांना आजपासून त्या बाल्कनीत जाऊ देऊ नका, दार आणि लगतच्या खिडक्या बंद ठेवा, आणि हे पोळं स्वतः न काढता माहीतगार माणसाकडून काढून घ्या. एरवी एवढं पोळं धडधाकट माणूस काळजी घेऊन काढू शकतो. तुमच्याकडे दोन अडचणी आहेत. घरात अंगभर प्रतिक्रिया येऊन गेलेला माणूस आहे, आणि बाल्कनीत माश्या उठल्या तर मागे सरकायला जागा नसते. घराभोवतीची पोळी काढणं हेच माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, आणि हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत सतत येतो, म्हणून तुमच्यापुरतं न लिहिता सगळंच नीट लिहितो.

कुणी 'पोळं लागलंय' म्हणालं की मी आकार नंतर विचारतो. आधी विचारतो, ते कुठे आहे आणि तिथून माणसांची ये-जा किती. उंच वळचणीला, परसातल्या झाडाच्या शेंड्याला, कुणी फिरकत नाही अशा गच्चीच्या टोकाला असलेलं पोळं बहुतेक वेळा राहू द्यावं. दाराच्या चौकटीत, जिन्यात, कपडे वाळत घालायच्या दोरीशी, नळापाशी, झोपाळ्याच्या आडव्या दांड्याखाली किंवा मीटरच्या पेटीत असेल तर काढावं, मग त्यावर चारच माश्या का असेनात. अशा ठिकाणी हात जातो, दार आपटतं, दांडा हलतो, आणि पोळ्याला हादरा बसतो. गांधीलमाशी माणूस शोधत फिरत नाही. पोळ्यावर संकट आलंय असं वाटलं तरच उठते. घरात अ‍ॅलर्जीचा माणूस असेल तर मात्र सगळा हिशेब बदलतो, मग जरा लांबचं पोळंही मी काढतो.

'राहू द्या' म्हटलं की लोकांना वाटतं, हा काम टाळतोय. तसं नाही. गांधीलमाशी पिल्लांना शिकार भरवते. पानं कुरतडणाऱ्या अळ्या, माश्या असं काहीबाही पकडून, चावून त्याची गोळी करून ती पोळ्यावर आणते. बागेवर दिवसभर एवढी बारीक नजर ठेवणारं दुसरं कुणी नाही. पूर्ण वाढलेल्या माश्या स्वतः मात्र गोड रसावर जगतात: फुलांतला मकरंद आणि घास भरवल्यावर पोळ्यातलं पिल्लू, म्हणजे माशीची अळी, तोंडातून सोडते तो गोडसर थेंब. हंगाम उतरणीला लागला की पोळ्यातल्या अळ्या कमी होतात, हा थेंब मिळेनासा होतो, आणि माश्या सरबताच्या पेल्यावर, पिकल्या फळांवर, कचऱ्याच्या डब्यावर येऊ लागतात. 'इतके दिवस काही त्रास नव्हता, आताच का?' याचं कारण बहुधा हेच असतं. थंड प्रदेशात अशा वेळी थोडा धीर धरला तरी चालतं, कारण हिवाळ्यात पोळं संपतं, फक्त फलित राण्या उरतात आणि पुढच्या वर्षी नव्याने सुरुवात करतात. उष्ण प्रदेशात हा भरवसा नाही. तिथे पोळं वर्षभरही चालू राहू शकतं.

आता पोळं कुणाचं ते ओळखा. दिवसाउजेडी, लांबून, मोबाइलचा कॅमेरा झूम करून. बारीक देठाला लटकलेलं, राखाडी, खालून षटकोनी खण उघडे दिसतात ते कागदी गांधीलमाशीचं. हा खरोखर कागद असतो: माशी वाळलेलं लाकूड खरवडते, लाळेत कालवते आणि त्याचे पातळ थर देते. रेओम्यूर या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने १७१९ मध्ये हेच पाहून, चिंध्यांऐवजी लाकडापासून कागद करता येईल असं सुचवलं होतं. तुमच्या वर्णनावरून तुमचं पोळं याच जातीचं दिसतं.

दुसरं पोळं बंद असतं. बाहेरून कागदी वेष्टण, गोल किंवा लांबट गोळा, ये-जा करायला बहुधा एकच भोक. ही मोठी गांधीलमाशी. काही जाती ते झाडावर किंवा छज्ज्याला टांगतात, काही जमिनीतल्या बिळात किंवा भिंतीच्या पोकळीत करतात. या पोळ्यात शेकडो माश्या असू शकतात, त्या काही मीटरवरूनच अंगावर येतात आणि बराच पाठलाग करतात. भरात आलेल्या अशा पोळ्याला घरच्या माणसाने हात लावू नये. कितीही धीट असला तरी नाही, माझ्यासारखा अंगरखा भाड्याने मिळाला तरीही नाही.

तिसरं मातीचं. भिंतीच्या कोपऱ्यात चिखलाच्या नळ्या किंवा छोटे गोल बुधले, तेही वरून लिंपलेले. ही कुंभारीण. ती एकटी राहते, राखायला फौज नसते, आणि मुद्दाम चिमटीत धरल्याशिवाय ती सहसा डसत नाही. कीटकतज्ज्ञ जस्टिन श्मिट यांनी दंशाच्या वेदनेची १ ते ४ अशी श्रेणी केली होती; तिच्यात मधमाशीला २ आहेत, लाल कागदी गांधीलमाशीला ३, आणि चिखलाच्या नळ्या बांधणाऱ्या माशीला १. नळ्या फोडल्यात तर आत बधिर करून ठेवलेले कोळी सापडतील, बुधल्यांत बहुधा हिरव्या अळ्या. तो तिच्या पिल्लांचा शिधा. भिंतीवरचं मातीचं घर खुपत असेल तर पत्र्याच्या उलथन्याने खरवडून टाका, झालं काम.

कुंभारणीच्या बाबतीत मला काळजी वाटते ती भोकांची. बोटभर रुंदीचं कुठलंही भोक ती चिखलाने बुजवते. गॅसवर चालणाऱ्या गीझरची धूर जायची नळी, बर्नरची हवेची भोकं, एसीच्या पाण्याची नळी, टाकीचा ओव्हरफ्लो. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी बर्गनएअरचं बोइंग ७५७ विमान डोमिनिकन रिपब्लिकच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं आणि त्यातले सगळे १८९ जण गेले. विमानाचा वेग मोजणारी नळी बंद झाली होती, आणि ती कुंभारणीच्या घरट्याने बुजली असावी असा तपास करणाऱ्यांचा कयास होता. विमान त्याआधी बरेच दिवस नळ्यांना झाकण न घालता उभं होतं. तेव्हा घर काही आठवडे बंद ठेवून परत आलात, तर गॅसचं कुठलंही उपकरण पेटवण्याआधी नळ्या आणि भोकं बघून घ्या. जळलेला वायू घरात साचला तर तो कुठल्याही दंशापेक्षा वाईट.

आणि पोळं मेणाचं असेल, माश्या केसाळ असतील, तर त्या मधमाश्या. त्यांच्यासाठी मोहोळ हलवणारा माणूस बोलवा. पुढे लिहिलेलं काहीही त्यांच्यावर करू नका.

कागदी पोळ्यावरची माशी डसण्याआधी इशारा देते. तो वाचता आला तर बरेच दंश टळतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुम्ही जवळ जाता तशी पोळ्यावरची एखादी माशी हातातलं काम सोडून तोंड तुमच्याकडे करते. पाठोपाठ दुसरी, तिसरी. मिशा तुमच्या दिशेने रोखल्या जातात. मग माशी पायांवर अंग उचलते, आणि एरवी पाठीवर मिटलेले पंख दोन्ही बाजूंना फाकतात. त्यानंतर पंखांची थरथर होते आणि मग झेप येते. पंख फाकलेले दिसले की जिथे आहात तिथे थांबा, हात खाली घ्या, तोंड झाका आणि एकेक पाऊल मागे या. या माश्या सहसा पोळ्यापासून दोन-चार हातांचाच परिसर राखतात, त्यामुळे तेवढं अंतर पडलं की त्या पुन्हा कामाला लागतात. त्यांना चिथावतात ते हादरे, आपला उच्छ्वास आणि अचानक झालेली हालचाल. गडद कपडेही डोळ्यांत भरतात. पोळं असलेल्या भिंतीत ड्रिल चालवणं, पोळ्याखाली गवत कापायचं यंत्र फिरवणं, पोळ्याजवळच्या खिडकीचं तावदान धाडकन लावणं, यांतून झालेले दंश मी सर्वांत जास्त पाहिलेत.

गांधीलमाशी डूख धरते असं लोक म्हणतात. कागदी गांधीलमाशीची एक जात आपल्याच जातीच्या इतर माश्यांचे चेहरे ओळखते हे संशोधक एलिझाबेथ टिबेट्स यांनी २००२ मध्ये दाखवून दिलं, पण त्याचा माणसाशी काही संबंध नाही. एक माशी चिरडली की दहा अंगावर येतात, त्याचं कारण विषाचा वास. समूहाने राहणाऱ्या बऱ्याच जातींत विषाबरोबरच धोक्याची सूचना देणारा गंध सुटतो आणि बाकीच्या त्या वासावर येतात. म्हणून पोळ्याच्या आसपास असताना अंगावर बसलेली माशी चापटीने मारू नये; हळूच कागद सरकवून तिला उठवावं, किंवा नुसतं दूर चालत जावं.

पोळं काढण्याची उत्तम वेळ म्हणजे ते नाण्याएवढं असतं तेव्हा. चार-सहा खण आणि एकटी माशी. ही एकटी शिकारीला, पाण्याला, लाकूड आणायला जाते तेव्हा पोळं रिकामं असतं. भर दिवसा, ती नाही याची खात्री करून, लांब काठीने पोळं खाली पाडायचं आणि देठ चिकटला होता ती जागा साबणाच्या पाण्याने घासून काढायची. औषध नको, जीव घ्यायला नको. ती परत येऊन दोन-तीनदा पुन्हा सुरुवात करेल; दरवेळी मोडलंत की बहुधा जागा बदलते. पोळी लागायच्या हंगामात आठवड्यातून एकदा मान वर करून वळचणी, छज्जे, पंख्याची भोकं आणि कुंड्यांच्या मागची बाजू पाहिली, तर मोठं पोळं काढायची वेळ क्वचितच येते. माझ्याकडे येणारं निम्मं काम या एका सवयीने बंद होईल, आणि मला त्याचं वाईट वाटणार नाही.

पोळं मुठीएवढं झालं, माश्या पंचवीसच्या आत आहेत, जमिनीवर उभं राहून पोचता येतं आणि घरात कुणालाही अ‍ॅलर्जी नाही, अशा वेळी घरच्या माणसाने काढायला माझी हरकत नसते. यातली एक जरी अट मोडली तर बोलवा माणूस. शिडीवर चढून तर मुळीच नको. माशी अंगावर आली की हात आपोआप झटकला जातो आणि माणूस खाली येतो. दोन दंशांची सूज आठवड्यात उतरते, मोडलेला मणका तसा बरा होत नाही. स्टूल, खुर्ची, बाल्कनीचा कठडा, सगळ्याला हेच लागू.

काम अंधार पडल्यावर करावं. तेव्हा सगळ्या माश्या पोळ्यावर असतात आणि त्यांना नीट उडता येत नाही. दिवसाच पोळं पाहून ठेवा, उभं राहायची जागा आणि मागे जायची वाट ठरवा, वाटेतली कुंडी-बादली बाजूला करा. फिक्या रंगाचे जाड कपडे दोन थरांत, पँट मोज्यात खोचलेली, बाह्या हातमोज्यांच्या आत, डोळ्यांना चष्मा, डोक्या-मानेवर जाळीचं कापड. बॅटरीवर लाल पारदर्शक कागद बांधा. गांधीलमाशीला लाल रंग जवळजवळ दिसत नाही, पांढऱ्या झोतावर मात्र ती सरळ चालून येते. बॅटरी हातात धरू नका, बाजूला टेकवून ठेवा. घरातले दिवे बंद, खिडक्या बंद, दार नुसतं लोटलेलं. दुसरा माणूस आत थांबलेला असावा, फोन हाताशी.

एवढ्या लहान उघड्या पोळ्याला मी साबणाचं पाणी पसंत करतो. लिटरभर पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे तीन-चार चमचे, बागेत वापरतात त्या दाबाच्या फवारणी-पंपात भरायचं, आणि दोन-अडीच मीटरवरून धार सलग पोळ्यावर धरायची. साध्या पाण्याचा गांधीलमाशीला फक्त राग येतो. साबणामुळे पाणी तिच्या अंगाला चिकटतं आणि श्वासाची छिद्रं बुजतात. पोळ्याच्या बरोबर खाली उभं राहू नका, जरा तिरपे राहा, कारण भिजलेल्या माश्या खाली पडतात. चार-दोन सुटून उडाल्या तर थांबायचं, मागे यायचं, दार लावायचं. उरलेलं दुसऱ्या रात्री.

खास गांधीलमाश्यांसाठीचा लांब धार मारणारा फवारा मिळाला तर तोही चालतो. झुरळांचा स्प्रे चालत नाही, कारण त्याचा फवारा हातभरही नीट जात नाही आणि तो मारायला पोळ्याच्या तोंडाशी जावं लागतं. शिवाय डब्यातला वायू पेट घेणारा असतो. पलित्याबरोबर तो वापरायचा विचारही मनात आणू नका. या औषधांतली पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं पाण्यातल्या माशांना मारक आहेत, आणि त्यांतलं परमेथ्रिन तर मांजरांना फार बाधतं. घरात मांजर किंवा माशांची टाकी असेल तर डब्यावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय झाकण उघडू नका. विजेच्या पेटीत पोळं असेल तर तिथे ओलं काहीच नको, वीज बंद करू शकणारा माणूस आधी बोलवा.

सकाळी, पोळ्यावर हालचाल नाही असं लांबून पाहून, काठीने पाडा आणि पिशवीत बांधून टाका. खाली पडलेल्या माश्या झाडूने गोळा करा, हाताने नाही. मेलेल्या माशीचा डंखही दाबला गेला तर विष सोडू शकतो, आणि अनवाणी लहान मूल नेमकं तिथेच पाय देतं.

जाळण्याबद्दल पुन्हा सांगतो, कारण हा सल्ला फार प्रेमाने दिला जातो. कागदाचं पोळं क्षणात पेटतं, जळते तुकडे खाली पडतात, आणि माश्या पेटत्या अंगाने उडतात. लाकडी वासा, प्लास्टिकचा पत्रा, वाळत घातलेले कपडे, पडदा, काहीही धरू शकतं. बिळात पेट्रोल किंवा रॉकेल ओतणंही तितकंच वाईट. माती आणि पाणी नासतं आणि कुणाची काडी पडली तर भडका उडतो. धूर केला की मधमाश्या थोड्या शांत होतात हे खरं, पण गांधीलमाश्यांवर त्याचा तसा भरवसा धरता येत नाही. दगड मारणं आणि जोरदार पाइपने पाणी मारणं यांचा शेवट एकच होतो: पोळं अर्धं तुटतं, माश्या सगळ्या जिवंत राहतात आणि पुढचे काही तास कुणालाही जवळून जाऊ देत नाहीत.

भिंतीच्या फटीतून, छताच्या पोकळीतून माश्या ये-जा करताना दिसल्या तर फट बुजवू नका. त्या दुसरी वाट काढतात, आणि ती वाट मऊ प्लास्टर किंवा लाकडाची पट्टी कुरतडून घराच्या आत निघू शकते. अशा ठिकाणी भुकटीचं औषध तोंडाशी मारतात. माश्या ते पायांवरून आत नेतात. मग काही दिवस भोक उघडंच ठेवून, ये-जा पूर्ण थांबल्यावर लिंपायचं. हे माहीतगाराचं काम.

घरात एकटीच माशी शिरली तर दिवे बंद करा, एक खिडकी सताड उघडा, ती उजेडाकडे जाईल. काचेवर बसली तर पेला पालथा घालून खालून जाड कागद सरकवा. गाडी चालवताना शिरली तर आधी गाडी बाजूला घ्या, मग काचा उघडा. बाहेर वाळलेले कपडे, विशेषतः टॉवेल आणि लहान मुलांचे कपडे, घडी घालण्याआधी झटका. बाहेर उघडा राहिलेला डबाबंद पेयाचा कॅन तोंडाला लावू नका. आत बसलेली माशी घशात डसली तर सुजेने श्वासच अडतो, आणि त्या एका दंशाला अ‍ॅलर्जी नसली तरी रुग्णालय गाठावं लागतं.

एक माशी भोवती घिरट्या घालत असेल तर स्थिर राहा. पोळं उठलं आणि अनेक माश्या डसू लागल्या तर मात्र स्थिर राहू नका. चेहरा शर्टाने झाका आणि सरळ रेषेत, न थांबता, बंद होणाऱ्या जागेत पळा: घर, गाडी. हात उडवत बसू नका. पाण्यात उडी मारू नका, वर यावंच लागतं. लहान मूल असेल तर उचला आणि पळा. दंश नंतर बघता येतील. मुलांना या दोन गोष्टींतला फरक आधीच शिकवून ठेवावा.

डसल्यावर आधी तिथून दूर व्हा. बोटावर असेल तर अंगठी लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाही. साबण-पाण्याने धुवा, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरा, हात किंवा पाय उंच ठेवा. गांधीलमाशीचा डंख सहसा कातडीत राहत नाही, म्हणूनच ती पुन्हा पुन्हा डसू शकते. काटा राहिलेला दिसला तर ती बहुधा मधमाशी होती. तो नखाने, चिमटीने, जसा निघेल तसा ताबडतोब काढा, कारण राहिलेली पिशवी विष सोडत राहते. व्हिनेगर, सोडा, चुना, माती, लोखंड घासणं यांचा उपयोग नाही. विष कातडीच्या आत गेलेलं असतं, वरून लावलेलं तिथवर पोचत नाही, आणि मातीने जखम चिघळते. खाजेला डॉक्टरांच्या सल्ल्याने सेटिरिझिनसारखी गोळी चालते. सूज दोन दिवस वाढू शकते, कधी अख्खा पंजा किंवा पूर्ण पापणी सुजते. भीतिदायक दिसलं तरी एकाच जागी मर्यादित असलेली ही सूज आठवड्याभरात उतरते.

धोका वेगळ्या खुणांनी कळतो. डसलेल्या जागेपासून दूर, अंगभर गांधी उठणं. ओठ, जीभ, घसा सुजणं, आवाज बसणं. श्वासाला घरघर. पोटात कळा, उलटी. भोवळ, अंग गार पडणं. यांतलं काहीही दिसलं तर थांबून बघायचं नाही. दंशाच्या अ‍ॅलर्जीने झालेल्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा हृदय किंवा श्वास बंद पडायला लागलेला वेळ साधारण १५ मिनिटांचा निघाला. या प्रतिक्रियेवरचं पहिलं औषध अ‍ॅड्रेनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यभागी, स्नायूत. औषध आधीच भरलेलं, टोचायचं तयार पेन असेल तर कपड्यावरूनही देता येतं. अ‍ॅलर्जीची गोळी याची जागा घेत नाही. ती खाज थांबवते, रक्तदाब सावरत नाही. रुग्णवाहिका बोलवा, माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा. धाप लागत असेल तर टेकवून बसवा, पण उभं करू नका, चालवत नेऊ नका. अचानक उभं राहिल्याने हृदय बंद पडल्याची उदाहरणं आहेत. पाच मिनिटांत फरक पडला नाही आणि दुसरं पेन असेल तर तेही द्या. बरं वाटलं तरी रुग्णालयात काही तास थांबावं, कारण लक्षणं परतून येतात.

अ‍ॅलर्जी नसलेल्या माणसालाही बरेच दंश झाले तर विषाचीच बाधा होते. तीस-चाळीस दंश झाले असतील, मुलांत आणि वृद्धांत त्याहून कमी, तर काही त्रास नसला तरी रुग्णालयात जाऊन रक्त-लघवी तपासून घ्या. मोठ्या गांधीलमाश्यांच्या विषाने स्नायू विरघळतात आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात, आणि ते एक-दोन दिवसांनी कळतं: लघवी गडद तपकिरी होते, कमी होते, अंग ठणकतं. 'काल तर ठीक होता' असं म्हणत आणलेले रुग्ण याच वाटेचे असतात.

आता तुमच्या वडिलांचं. अंगभर गांधी आणि भोवळ ही साधी सूज नव्हती. मोठ्या माणसात अशी प्रतिक्रिया पुढच्या दंशाला पुन्हा येण्याची शक्यता बरीच असते. त्यांना अ‍ॅलर्जीतज्ज्ञाकडे न्या, कुठल्या माशीची अ‍ॅलर्जी आहे ते तपासता येतं. अ‍ॅड्रेनॅलिनचं पेन लिहून मिळालं तर ते कपाटात नको, त्यांच्या खिशात हवं, आणि ते कसं द्यायचं हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला यायला हवं. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना आठवणीने सांगा. त्या गोळीमुळे अ‍ॅड्रेनॅलिनचा परिणाम कमी होऊ शकतो. गोळी मात्र मनाने बंद करू नका. विषाचेच अत्यल्प, वाढते डोस टोचून सवय लावण्याचा उपचारही आहे. तीन ते पाच वर्षं चालतो, आणि गांधीलमाशीच्या बाबतीत नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना संरक्षण देतो. मी स्वतः या कामात असलेल्या, अ‍ॅलर्जी निघालेल्या सोबत्यांना हा उपचार घ्यायला लावलाय.

पोळं काढायला येईल त्या माणसाला वडिलांबद्दल आधीच सांगा, म्हणजे तो ते घरात नसतानाची वेळ ठरवेल. पोळं निघाल्यावर पुढचे दोन-तीन दिवस बाहेर राहिलेल्या चार-दोन माश्या त्याच कोपऱ्यात येऊन बसतात, तेव्हा बाल्कनीचं दार तेवढे दिवस बंदच राहू द्या. नंतर देठाची जागा घासा, कोपऱ्यातली खिळ्यांची भोकं आणि पाइपांची उघडी टोकं बारीक जाळीने बंद करा, गळका नळ दुरुस्त करा. उन्हात पोळं गार ठेवायला माश्या पाणी नेतात आणि जवळ पाणी असलं की जागा त्यांना सोयीची पडते. अ‍ॅलर्जीतज्ज्ञाची वेळ मात्र पोळं निघायची वाट न बघता आजच घ्या.